शेवटची सोळा पानं

त्या चोपडीला पुठ्ठा नव्हता.
आयर्लंड नावाच्या कुठल्याशा बेटाची गोष्ट.
मास्तर वाचायचे, कंदिलाला घोंगडं आडवं धरून,
येरळेच्या अलीकडे, आडसाली उसात,
त्रेचाळीसच्या थंडीत.
ऐकायला सात-आठ जण. त्यांत हिंदुराव, म्हणजे माझे वडील,
आणि केरबा, माझा मामा.
आई तेव्हा पंधराची. डोक्यावर गवताचा भारा,
भाऱ्यात भाकरी, भाकरीखाली कधी कधी
दुसरंही काही, जड.

साहेबाच्या बोटी परत निघतात तिथं गोष्ट थांबायची.
पुढची सोळा पानं मामानं आधीच फाडलेली
काडतुसं गुंडाळायला. पावसात दारू सादळायची,
मेणकापड कुठलं मिळायला.
मास्तर म्हणाले, "असू दे रे,
इंग्रज गेल्यावर काय उरतं सांगण्यासारखं?"
सगळे हसले.
आई सांगते, बाबा सगळ्यांत मोठ्यानं.

मग इंग्रज गेले.
कचेरीपुढं टेबल मांडलं,
हत्यारं जमा करा म्हणाले.
बाबांनी बंदूक दिली, पावती घेतली.
ट्रंकेत आहे अजून, डांबरगोळीचा वास येतो तिला.
मामानं विचारलं,
"खुर्ची तीच, कारकून तोच, मळा त्याच इनामदाराचा.
मग पावती कशाची देत्यात?"
"दम धर. राज्य आपलं आहे."
"कुणाचं?"
एवढंच भांडण. तेही जेवणं झाल्यावर.
दोघांनी एकाच तांब्यातून चूळ भरली होती.

एकोणपन्नासच्या माघात
मामा पुन्हा उसात होता. तोच मळा, ऊस दुसरा.
वाट पोलिसांना माहीत नव्हती.
बाबांना होती.
खूणही होती: तितराची शीळ,
दोनदा तोकडी, एकदा लांब,
साहेबाच्या पोलिसाला चकवायला
दोघांनीच ओढ्यात बसून बसवलेली.

"मी त्याला जिता आणायला गेलो होतो."
हे बाबांचं वाक्य. उभ्या जन्मात एवढंच एक.
बाकीचं मी आईच्या गप्प राहण्यावरून जोडलंय.
शीळ ऐकून मामा उठला,
पाचट तुडवत, पात बाजूला सारत.
म्हणे हसत होता.

त्यानंतर छत्तीस वर्षं आईनं बाबांना वाढलं.
ताट सरकवायची, हातात द्यायची नाही.
कोंबड्या पाळल्या, शेरडं पाळली, आम्हाला पाळलं.
फक्त रानात तितर ओरडलं
की जात्याशी जाऊन बसायची,
दळण असो नसो.

चौकात दगडी खांब आहे, अकरा नावांचा.
मामाचं नाही.
मी अर्ज दिला होता. ग्रामसेवकानं दोनदा वाचला,
चहा मागवला, मग म्हणाला,
"सर, सत्तेचाळीसनंतर मेलेल्यांना रकानाच नाही."
तारीख चुकली मामाची.

मी विट्याच्या शाळेत इतिहास शिकवतो.
आयर्लंडला पुस्तकात साडेतीन ओळी आहेत.
त्याही बोटी निघाल्या की संपतात.

परवा परसात संडासाचा खड्डा काढताना
जुनं पेव लागलं. तळाशी गाडगं,
गाडग्यात पाच काडतुसं, हिरवी पडलेली,
एकेक कागदात.
चार कागदांचा चिखल झाला होता.
पाचव्यावर अर्धी ओळ धड:
"एकमेकांची घरं त्यांना पाठ होती, म्हणूनच"
पुढं ओल.

आई ओट्यावर बसलेली.
"काय लिवलंय रं?"
"काही नाही. जुना हिशेब."
तिनं हात पुढं केला,
कागद घेतला, मांडीवर पसरला,
उलटा धरला
आणि ऊन कलेपर्यंत वाचत राहिली.