नऊ इंच

सड्यावरच्या आमच्या न्हाणीला
आकाश म्हणजे वरच्या कोलवाळकरांच्या नळ्या.
एक जाड, एक बारीक, एक कोपरात वाकलेली,
सांध्यांवर कुणाची तरी सिमेंटची बोटं.
पहाटे साडेचारला त्यांची सून उठते
आणि माझ्या डोक्यावरून
तिची पहिली बादली वाहून जाते.

तेरा वर्षं मी वर न बघता आंघोळ केली.

यंदा ठरवलं. रोहिदास साइन-ऑफ होऊन यायच्या आत
छत खाली घ्यायचं, दिवे आत बसवायचे.
त्याला सांगितलं नाही.
फोनवर आम्ही तसंही
जेवलास का, समुद्र कसा आहे, एवढंच बोलतो.

"खाली किती?" इर्शादने विचारलं.
कटिहारचा पोरगा, कानामागे पेन्सिल.
जाड नळीला सहा इंच,
वर तीन दिव्यांना. दिवा तापतो,
त्याला पाठीमागे श्वास घ्यायला जागा लागते.
नऊ, असं म्हणून त्याने
निळ्या भुकटीतली दोरी भिंतीवर झटकली.
पूर येऊन ओसरल्यासारखी रेघ
चारी भिंतींवर.

मग पत्र्याच्या पट्ट्या, स्क्रू, ओल सोसणारा हिरवा बोर्ड,
आणि वाटीच्या तोंडाएवढी गोल करवत.
सहा भोकं पडली, सहा चकत्या खाली आल्या.
एकीवर मी अजून दुधाचं पातेलं ठेवते.

आरशावरचा दिवा बरोबर डोक्यावर हवा, हा हट्ट माझा.
प्रेमानंद मळीक वायर सोलता सोलता म्हणाला,
वहिनी, तिथे नको, डोळ्यांखाली अंधार पडेल.
मी ऐकलं नाही.
संध्याकाळी लावून बघितला तर आरशात
माझी आई उभी, शेवटच्या वर्षातली.
सकाळी दिवा चार बोटं पुढे सरकवला.
बुजवलेलं भोक रंगाखाली आहे.
कुठे ते मला माहीत आहे, म्हणून दिसतं.

जाताना तो एवढंच म्हणाला,
झाकण ठेवलंय कोपऱ्यात, हातभर चौकोन.
पाणी आज ना उद्या वाट काढतं.

दोन दिवसांत पांढऱ्या छतावर
बंदरावरचा कोळसा. बोटाने पुसला,
तर बोटाचीच रेघ उठली.

दाबोळीहून टॅक्सी आली रात्री.
बॅग खाली न ठेवताच त्याला न्हाणीपाशी नेलं,
बटण त्यालाच दाबायला लावलं.
सहा दिवे.
तो उंबऱ्यावर थांबला, मान किंचित वाकवून,
वर अजून वीतभर जागा होती तरी.
"केबिन," म्हणाला.
आणि हसला, दिव्यांना नाही, मला बरं वाटावं म्हणून.

आंघोळ त्याने दिवे मालवून केली,
दार किलकिलं ठेवून,
पॅसेजमधल्या ट्यूबच्या उजेडात.
मी स्वयंपाकघरात सोलकढी ढवळत राहिले,
ढवळून झाली होती तरी.

पहाटे जाग आली तेव्हा बाजू रिकामी.
न्हाणीत तो स्टुलावर बसलेला,
कोपऱ्यातलं झाकण बाजूला सरकवलेलं,
वर काळा चौकोन, त्यात नळीचं कोपर.
भांडायला तोंड उघडलं तर त्याने हात वर केला.
थांब.
साडेचार. कोलवाळकरांची सून.
पाणी आलं, वळलं, गेलं.

"तिथे पाणी डुचमळतं गं," तो म्हणाला.
"नळीतसुद्धा. हे बघ कसं
सरळ खाली जातंय."

मी टबाच्या काठावर बसले.
काही वेळ आम्ही दोघंही
दुसऱ्यांच्या घरातलं पाणी ऐकत होतो.

आज प्रेमानंदचा फोन आला, उरलेल्या पैशांसाठी.
विचारलं, झाकण नीट बसतंय ना?
बसतंय, म्हटलं.
ते फ्रिजवर आहे,
त्यावर केळी ठेवलीत.