फक्त

भाऊच्या धक्क्यावर पहाटे चारला
काट्यातून जी पावती निघते
तिच्यावर 'बर्फ' नीट उमटतो.
रफार फ-च्याच डोक्यावर बसतो, घसरत नाही.
हे उल्हास नवलकरांमुळे.
धक्क्यावर हे कुणाला माहीत नाही.
मलाही नव्हतं,
तस्नीमनं परवान्यांची यादी मागेपर्यंत.

साकीनाक्याला, गाळा नंबर सतरामध्ये, आम्ही काटे बनवतो.
म्हणजे लोखंड कोइमतूरचं,
सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांचं,
स्टिकर आमचा.

नवी लायब्ररी मीच आणली होती:
वजन काट्यावरून थेट फोनवर.
लिहिणारा उदार. घे, वापर, विक,
नाव तेवढं राहू दे,
बागेतल्या बाकावर असतं तसं, अमक्याच्या स्मरणार्थ.
आणि पेटंटवरून मला कोर्टात खेचलंस
तर पेटंटची मुभा गेली.

नवलकरांचंही फुकटच.
पण शेजारणीच्या वाटीसारखं,
रिकामी परत करायची नाही.
आणि माझ्या अटींवर
वरून कुणी नवी अट चढवायची नाही,
एकही.

"दोघं द्यायलाच बसलेत," तस्नीम म्हणाली,
"पण एका ताटात वाढता येत नाहीत."
तिनं बोट ठेवलं: आवृत्ती दोन.
पुढे 'किंवा त्यानंतरची कोणतीही'
एवढे तीन शब्द असते
तर आज संध्याकाळी घरी गेलो असतो.

मेल परत आला.
पत्ता सापडला जुन्या फाइलच्या तळाशी,
ठाकुरद्वार, दुसरा मजला.
माणूस चार वर्षांपूर्वी गेलेला.

प्रमिलाबाईंनी चष्मा लावून
माझ्या लॅपटॉपवरची ती ओळ दोनदा वाचली.
"पालिकेच्या छापखान्यात प्रूफं तपासायचे.
दूधवाल्याच्या हिशेबातसुद्धा
आकड्यापुढे 'फक्त' लिहायचे
आणि दोन आडव्या रेघा.
जागा सोडली की कुणीतरी भरतं, म्हणायचे.
आता ती जागा तुम्ही माझ्याकडे मागताय."

संमतीपत्र माझ्या पिशवीत होतं, पेनसुद्धा.
काढलं नाही.
निघताना त्यांनी स्टीलच्या डब्यात भानोलं दिलं.
"डबा सावकाश आणा."

मग दोन खोल्या केल्या.
नवलकर एका प्रोग्रॅममध्ये, फोनवाला दुसऱ्यात,
मधे एक खिडकी,
तिच्यातून साधा मजकूर इकडून तिकडे जातो,
बाकी ज्याचं त्याच्या घरात.
तस्नीमला पटलं.
शेणॉय अकरा दिवस धुसफुसले.

पण त्या निमित्तानं मी पहिल्यांदाच
सगळं वाचलं, ज्यावर तीन वर्षं पगार घेतला ते.
ओळ चारशे बारा. कोड नाही, नुसती टीप:
'ऱ्य जमलं नाही. पुढच्याने बघावं.'

पुढे रेघा नव्हत्या.

मी बराच वेळ पंख्याखाली बसून राहिले.
परवान्यात ज्यानं कुणासाठी फट ठेवली नाही
त्यानं इथे दार लोटून ठेवलेलं,
कडी न लावता.

तीन रात्री गेल्या त्या ऱ्य-पायी.
प्रिंटर स्वस्तातला, टिंब मोजून देणारा;
ती पापणीएवढी रेघ
कधी य-ला चिकटायची, कधी कागदाबाहेर.
जमलं तेव्हा सगळं उघड्यावर ठेवलं,
वर त्यांचं नाव, खाली माझं, तारीख,
परवाना तोच. आवृत्ती दोन.

मग डबा घेऊन ठाकुरद्वारला गेले.
आत सुके बोंबील, वर पहिली पावती:
खाऱ्या बोंबलाची, दोन किलो.

प्रमिलाबाईंनी बोंबील बाजूला ठेवले
आणि पावती खिडकीशी नेऊन धरली.
ऱ्य-पाशी थांबल्या.
काही बोलल्या नाहीत.
खाली आल्या, बेरजेपर्यंत, आणि म्हणाल्या,
"'एकुण' नाही. 'एकूण'. ऊ दीर्घ."

ती चूक आमची होती.
त्यांची नव्हती.