बारा गुणिले अठरा

उलानबातरच्या तळघरातल्या बाजारात
जिन्याखाली माझा गाळा.
वरच्या मजल्यांवर ज्यांना परवडत नाही ते इथे उतरतात,
बुटांचं बर्फ माझ्याच पायपुसण्यावर झटकतात.

ती आली तेव्हा टोपीचे कान अजून हनुवटीखाली बांधलेले.
अनुजिन. सोळा वर्षांची, फार तर सतरा.
हातात वहीचं पान. त्यावर प्रोसेसर, मदरबोर्ड,
चुलतभावाने दिलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड,
काचेची कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे पंखे तीन,
आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीने,
उरलेल्या पैशांत भागवायचं म्हणून:
पॉवर सप्लाय.

सगळे तिथेच लिहितात.
पाहुण्यांची यादी होते, ताटं-वाट्या मोजून होतात,
चूल कोण पेटवणार ते कुणाला आठवत नाही.

मी सातशे वॉटचा खोका पुढे सरकवला.
सोनेरी पट्टी. पंख्यात लाल दिवा.
खरं सांगतो, आठ महिने तो फळीवर पडून होता
आणि त्यात मला सगळ्यात जास्त सुटत होतं.
"हातात घेऊन बघ," म्हटलं, "हलका माल ल्हाग्वा ठेवत नाही."

तिने घेतला. या हातात, मग त्या हातात.
मान हलवली. मला वाटलं, झालं काम.

मग तिने तो कुशीवर वळवला,
मुंगीएवढ्या अक्षरांवर मोबाइलचा उजेड धरला
आणि माझ्याच पावतीपुस्तकाच्या पाठीवर मांडलं:
बारा व्होल्ट. अठरा अँपियर.
बारा गुणिले अठरा, दोनशे सोळा.

"बाकीचे कुठे गेले?"
सुटे पैसे मोजून विचारावं तसं विचारलं तिने.

मी काहीतरी बोललो. छापणाऱ्याची चूक वगैरे.
ती ऐकत नव्हती, ती टेकडीवरचं सांगत होती:
गेरांच्या वस्तीत सहा वाजले की
घरोघरचे हीटर एकदम लागतात,
आणि बल्ब वाळल्या जर्दाळूएवढा होतो.
"एकशे सत्तरपर्यंत उतरतं. बाबांनी मीटर लावून पाहिलंय.
तेवढ्यावर हा चालेल?"

अकरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
दिवे किती रंगांत लागतात, ते विचारतात.

मी स्क्रूड्रायव्हर काढला.
का, ते अजून मला नीट सांगता येत नाही.
वॉरंटीचं लेबल फाटलं, झाकण निघालं.
आत चिमूटभर तांबं,
करंगळीच्या पेराएवढे दोन कपॅसिटर,
आणि कोपऱ्यात, गोंदाने चिकटवलेला,
सिमेंटचा गोळा.

मलाही ठाऊक नव्हतं.
तिने ते मानलं नाही. तुम्हीही मानू नका.
वजन तर मीच करायला सांगितलं होतं.

"सिमेंट किती वॉटचं असतं?" ती म्हणाली,
आणि पहिल्यांदा टोपीची गाठ सोडली.

मग मागच्या कपाटातून काढला चारशे पन्नासचा,
राखाडी, बिनदिव्याचा, खरवडलेल्या कोपऱ्याचा.
त्याच्या कुशीवर लिहिलेलं होतं: शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट.
तिने गुणाकार केला. पुन्हा केला.
नोटा मोजल्या; वीस हजार तुग्रुग कमी.
मी गप्प राहिलो. सूट द्यायची होती,
पण त्या दिवशी माझ्या तोंडून ती लाच वाटली असती.

तिने पेन्सिल घेतली. पंखे खोडले, तीनाचा एक केला.
काचेची कॅबिनेट खोडताना जरा थांबली.
"बाबा पत्रा जोडतात," म्हणाली. "दारं, धुराडी.
खोकाही जोडतील."

जाण्याआधी तिला चालवून दाखवला.
पेपरक्लिप वाकवली, हिरवी तार काळीला टेकवली.
पंखा फिरला.
आवाज इतका कमी की तिने कान जवळ नेला.

तो सिमेंटचा गोळा आता माझ्या टेबलावर असतो.
वर कुणी दार उघडलं की जिन्यावरून गार झोत येतो,
आणि पावत्या जागच्या जागी राहतात.
सगळ्यात खालची उलटी आहे,
तिच्यावर दोनशे सोळा.