व्हिलेज

शाळा सुटली. टॅबची बॅटरी अकरा टक्के.
दार लोटून मी एकटाच त्याच्यासमोर.
'व्हिलेज' म्हटलं.
लाल फुली. आतली बाई म्हणाली, ट्राय अगेन.
बावीस वर्षं शिकवतोय हा शब्द,
दारव्ह्याकडच्या तीन शाळांत, खडूनं,
आधी आधी तर छडीनंसुद्धा.
व्हिलेज.
फुली.
बाहेर तुरीच्या मळणीयंत्राची धडधड,
आवाज चढवला तर बाईला काहीच ऐकू येईना.

खिडकीत सुकेशनी. बाटली विसरली होती.
किती वेळची उभी, कोण जाणे.
"सर, वरचे दात खालच्या ओठाले टेकवा,
मंग हवा सोडा.
मले बी चार दिवस लागले."

टेकवले.
हिरवी खूण.

ती हसली नाही.
बाटली घेतली
आणि नाला ओलांडून गावात गेली.