डावा कान

कलिना निळ्या मखमलीवर तीन यंत्रं मांडते,
सोनारानं कुड्या मांडाव्यात तशी.
वूच शहर, नोव्हेंबर. खाली ट्राम वळते:
काचेची थरथर टेबलातून
माझ्या बोटांना कळते.

पहिलं कानात खोल बसणारं. कुणाला दिसणार नाही.
किंमत मात्र आंधळ्यालाही दिसावी.
त्याची बॅटरी मसुरीच्या दाण्याएवढी.
मी उचलायला जाते, ती घरंगळते,
आम्ही दोघी टेबलाखाली.
एकतीस वर्षं चालत्या मागावर
तुटला धागा गाठ मारून जोडला मी.
आता बोटंही ऐकत नाहीत.

दुसरं कानाच्या वाटीत बसतं,
चघळून टाकलेल्या च्युइंगगमच्या रंगाचं.
"त्वचेशी जुळतं," कलिनाचे ओठ म्हणतात.
ओठ मला वाचता येतात. गिरणीत सगळ्याच वाचायच्या.
दोनशे माग धडधडत असताना
पलीकडच्या रांगेतली गेनोवेफा नि मी
तिच्या सासूची हजेरी घ्यायचो,
मुकादमाला वाटायचं, बाया मुकाट कामात आहेत.

तिसरं कानामागचं. ढब्बू. नळी, साचा, सगळा संसार.
कानामागून येतं ते तिखटच असणार.
"दिसणारं नको, आई," वितोल्ड म्हणतो,
"लोक म्हातारी म्हणतील."
मी चौऱ्याहत्तर. लोकांना अजून शंका आहे?

मग कलिना आलेख दाखवते.
उजवी रेघ जिना उतरते आहे.
डावी कधीच तळघरात.
"सरकार एकाचे पैसे देतं. उजवा घ्या.
डाव्यात फारसं काही येणार नाही."

झेनोन डावीकडे झोपायचा.
दिवा मालवला की त्या कानात
काहीबाही पुटपुटायचा.
अंधारात ओठ वाचता येत नाहीत.
मी "हं" म्हणायचे.
एकोणचाळीस वर्षं, हं.
कशाकशाला होकार दिला, तोच जाणे,
आणि तो गेल्या वर्षी गेला.

तिसरं दे, म्हटलं. लाल रंगात.
दिसू दे, म्हणजे लोक तोंडासमोर येऊन बोलतील.
आणि दोन्ही कानांना. दुसऱ्याचे मी भरते.
वितोल्ड काहीतरी म्हणाला.
मी मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही.

कलिना बटण दाबते.
उजव्यात तिचा आवाज: जाडा, सर्दी झालेला.
ओठांनी हे सांगितलं नव्हतं.
डाव्यात नुसती खरखर,
कुणीतरी कूस बदलल्यासारखी.

मी तिला "हं" म्हणते.