तळटीप एकशे बारा

कायद्याची पुस्तकं तिसऱ्या मजल्यावर आहेत.
एवढी जड, खरं तर तळाला हवीत,
पण इमारत बांधणाऱ्यानं विचारलं नव्हतं.
रोमा गावच्या या ग्रंथालयात सव्वीस वर्षं
मी त्यांची धूळ झटकते आहे.
न्यायाचा वास मला विचाराल तर
डिंक, दमट पुठ्ठा
आणि थोडी झुरळांची पावडर.

जुलैत, म्हणजे लेसोथोच्या ऐन थंडीत,
माखोत्सो आली.
सेमोंकोंगच्याही वरून. अर्धा दिवस तट्टावर,
मग मिनीबस, मग माझे तीन जिने.
खांद्यावर ब्लँकेट, पिनेनं गच्च,
हातात घडीवर फाटलेली चिठ्ठी:
पुस्तकाचं नाव, आणि खाली आकडा, ११२.
"यात मी आहे म्हणतात. दाखव."

आधी सूचीत शोधलं. सूची म्हणते
विधवा, पाहा: शेत.
शेत, पाहा: मालमत्ता.
मालमत्ता, पाहा: वारसा.
वारसा, पाहा: पुत्र; भाऊ; विधवा.
घाण्याच्या बैलासारखी मी फिरून जागेवर.
ती ब्लँकेटात हसली.
"कोर्टातही हेच. फक्त तिथं बसायला बाक नव्हता."

मग सापडली. पान दोनशे तीन.
डोंगराच्या पायथ्याशी शेत असतं
तशी पानाच्या पायथ्याशी ती,
मुंगीएवढ्या अक्षरांत.
मी भिंग आणलं, आणि इंग्रजीतून सेसोथोत
एकेक शब्द उतरवत गेले:
साक्षीदार क्रमांक सात. विधवा, अंदाजे चाळिशीची.
शेत दिराकडे गेले. अपील केले नाही.

अडीच ओळी.
लिहिणारा तिच्या घरी अकरा दिवस राहिला होता,
मक्याचा घट्टा आवडीनं खायचा,
पुस्तकाची किंमत आज दोन मेंढ्या.

"अंदाजे?" ती म्हणाली. "मी त्याला साल सांगितलं होतं.
आणि शेत गेलं म्हणजे कुठं? तिथंच आहे.
दीर गेला. खाणीतून छाती भरून आला
आणि दोन हिवाळ्यांत गेला.
त्याला शेवटी पेज मीच पाजली.
शेत मी नांगरते. प्रमुखाच्या डोळ्यांदेखत,
दर ऑगस्टला, बांधावरचं पीच फुललं की.
याला तुझ्या या पुस्तकांत काय म्हणतात?"

मला तीन शब्द माहीत होते:
ताबा, वहिवाट, अतिक्रमण.
तिन्हींची वेगळी कपाटं आहेत.
मी खिडकीकडे पाहिलं.

तिनं पानाच्या कडेवरून बोट फिरवलं.
"ही पांढरी पट्टी कुणाची?"
कुणाचीच नाही, मी म्हटलं, तो समास.
तिथं काही लिहायचं नसतं.
"पडीक आहे म्हण की."

माझ्या केसांत पेन्सिल असते.
या पेन्सिलीपायी मी निम्म्या वकिलांना
त्यांच्या विद्यार्थीदशेत दंड केलाय,
ओळीला दोन मलोटी, रडले तरी माफ नाही.
तीच काढून टेबलावर ठेवली
आणि रजिस्टरात डोकं घातलं.

बराच वेळ लागला तिला.
जीभ दातांत धरून, अक्षर अक्षर दाबून,
मध्येच विचारलं, शेताच्या नावाला
मोठं अक्षर लागतं का.
लागतं, मी म्हटलं.
चारची बस होती. चहा अर्धाच प्यायली.

परवा दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा वर आला,
थाबिसो की कोण, टाय लावलेला.
कुणीतरी पुस्तक खराब केलंय, बाई. सेसोथोत.
वाचलंस का, मी विचारलं.
तो गप्प. मग हळूच म्हणाला, पीचची झाडं चार आहेत ना,
की एक वाळलं?

नियम म्हणजे नियम. सात ओळींचे चौदा मलोटी
मी माझ्या पाकिटातून भरले.
पावतीबुक उघडं पडलंय.
नाव लिहिलं, तारीख लिहिली.
'कारण' असा एक रकाना आहे,
त्यात काय लिहावं, ते अजून ठरत नाही.