कोपऱ्यातली बाई

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात
टपाल तिकिटाएवढी मी.
काळा शर्ट, नखं कोरी, अंगठी काढून खिशात;
हात बोलताना काही चमकायला नको.

मोंतेविदेओत रात्री दहाला वाद पेटतो:
सहावीच्या पुस्तकात त्या बारा वर्षांना म्हणायचं काय.
सिनेटर लारालदे म्हणतात, ‘तो काळ’.
प्राध्यापिका सुनिनो म्हणतात, ‘हुकूमशाही’.
तिसरा एक गायक आहे, नव्या गाण्यापायी बदनाम;
त्याला अजून कुणी तोंड उघडू दिलेलं नाही,
तो पाण्याच्या ग्लासाचं कागदी झाकण दुमडत बसलाय.

मी कुणाचीच नाही. तसा करारच आहे.
हातघाईवर येतात ते, हात माझे.
एकाचा टोमणा संपायच्या आत दुसऱ्याची आकडेवारी
त्याच दहा बोटांतून.

बेल्वेदेरच्या घरात बाबा बघत असतात,
मांडीवर मातेचा कप निवत चाललेला.
जन्मापासून बहिरे. त्यांच्या लेखी
मी रात्रभर एकटीच भांडते, स्वतःशी.

‘तो काळ’ची खूण सोपी:
तळहात खांद्यावरून मागे टाकायचा, बस्स.
पण आमच्या घरात त्या वर्षांना एकच खूण,
वाकवलेली दोन बोटं, हवेवर ठोठावणारी.
एल्बिओकाकाला न्यायला आले
तेव्हा बाबा शेजारच्याच खाटेवर झोपलेले.
सकाळी काकाचं अंथरूण गार.
शेजारणीने नंतर कागदावर लिहून दिलं:
दार फार वेळ वाजत होतं.

आज अकराला पाच कमी असताना
लारालदे सातव्यांदा म्हणाले, ‘तो काळ’,
आणि माझा हात खांद्याकडे निघाला
आणि गेला नाही.
बोटं वाकली. ठोठावून परत आली.
सेकंदाचंही काम नव्हतं.
निर्माता जांभई देत होता.
चर्चा गाण्याकडे वळली.

थांब्यावर फोन थरथरला.
‘नेलिदा, सिनेटर खरंच तसं म्हणाले?
सगळ्यांसमोर?
मी उठून उभा राहिलो.’

बस आली, गेली.
‘नाही बाबा’ एवढं लिहून ठेवलंय, पाठवलेलं नाही.
नदीवरून वारा सुटलाय, अंगठा गारठलाय,
खिशात अंगठी सापडत नाही.